तपास लागला, म्हणजे नेमकं काय झालं?

वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर एक फोटो वरचेवर दिसतो. पुढे टेबलावर जप्त केलेला मुद्देमाल, मागे ओळीत उभे पोलीस अधिकारी आणि त्यांच्या मधोमध तोंड झाकलेले दोन तरुण. वर मथळा असतो, ‘२४ तासांत गुन्हा उघडकीस’. वाचणारा समाधानानं पान उलटतो. त्या दोघांवर दोषारोपपत्र दाखल झालं का, खटला उभा राहिला का, शिक्षा झाली का आणि झाली तर ती वरच्या न्यायालयात टिकली का, हे त्या पानावर बहुधा कधीच येत नाही. आलंच तर काही वर्षांनी, कोपऱ्यातल्या चार ओळींत.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्याकडे ग्राहकाची तक्रार आली की तिचं तिकीट बनतं. तिकीट ‘क्लोज’ करणं आणि बिघाड दुरुस्त करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नवीन मुलाला पहिल्याच महिन्यात कळतं. चुकीचं कारण लिहून तिकीट बंद केलं तर त्या आठवड्याचा तक्ता छान दिसतो, पण बिघाड तिथेच राहतो, आणि आता त्याला कुणी शोधतही नाही. ‘गुन्हा उघडकीस’ हा मथळा वाचला की मला विचारावंसं वाटतं: तिकीट बंद झालं, की बिघाड सापडला?

हे तपासायला गणितात एक साधं साधन आहे. बायनॉमियल, म्हणजे द्विपद वितरण. बारावीच्या पुस्तकात ते नाणेफेकीच्या उदाहरणांनी शिकवतात, म्हणून ते खेळण्यासारखं वाटतं. पण संभाव्यतेचं गणित आणि न्यायालय यांची ओळख जुनी आहे. ज्याच्या नावाचं वितरण आपण त्याच पुस्तकात पुढे शिकतो, त्या फ्रेंच गणिती पॉयसननं ते मांडलं १८३७ साली, आणि ज्या ग्रंथात मांडलं त्याचा विषयच होता फौजदारी आणि दिवाणी निकालांची संभाव्यता.

दहा मोटारसायकली, शंभर ठाणी

समजा, एका पोलीस ठाण्याच्या हद्दीत वर्षभरात १० मोटारसायकली चोरीला गेल्या, आणि एका चोरीचा तपास लागण्याची शक्यता ३० टक्के आहे. हे आकडे फक्त उदाहरणासाठी. सरासरी ३ चोऱ्यांचा तपास लागेल, हे कुणीही सांगेल. पण प्रत्येक ठाण्यात बरोबर ३ लागणार नाहीत. अगदी सारख्या कुवतीची, सारख्या मेहनतीची १०० ठाणी घेतली तर बरोबर ३ चोऱ्यांचा तपास साधारण २७ ठाण्यांतच लागेल. १५ ठाण्यांत ५ किंवा त्याहून जास्त चोऱ्या उघड होतील. आणि दुसऱ्या १५ ठाण्यांत जेमतेम १, नाहीतर एकही नाही.

आता पुढे काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. पहिल्या १५ ठाण्यांच्या निरीक्षकांचा सत्कार होतो. दुसऱ्या १५ जणांना ‘कारणे दाखवा’ नोटीस जाते. आणि या तिसांत फरक फक्त नशिबाचा आहे, कारण आपण कुवत सगळ्यांची सारखीच धरली होती.

हे गणित दुसऱ्या बाजूनंही कापतं, आणि ते आपण मान्य करायला हवं. ‘आमच्या मोहल्ल्यात दहा चोऱ्या झाल्या, एकाचाच तपास लागला, म्हणून पोलीस पक्षपाती आहेत’ असं आपण सहज म्हणतो. ते खरं असेलही. पण या दहा चोऱ्या ते सिद्ध करत नाहीत, कारण भेदभाव नसतानाही शंभरातल्या १५ ठिकाणी हेच दिसलं असतं.

संख्या वाढली की चित्र बदलतं. १० ऐवजी ३०० चोऱ्या घ्या. ३० टक्क्यांनी ९० चा तपास लागायला हवा, आणि नशिबाचा हेलकावा फार तर १६ इकडे किंवा १६ तिकडे. आता एखाद्या भागात ३०० पैकी ६० चाच तपास लागला असेल, तर तिथे नशीब हे उत्तर चालत नाही. कारण शोधावंच लागतं. एका किश्श्यानं मन हलतं, पण यंत्रणेला उत्तर द्यायला भाग पाडायचं तर मोजणी लागते.

मात्र हे साधन वापरायला चार अटी आहेत. एकूण प्रकरणं किती, हे ठरलेलं हवं. प्रत्येकाचा निकाल ‘हो’ किंवा ‘नाही’ असा स्पष्ट हवा. प्रत्येक प्रकरण दुसऱ्यापासून स्वतंत्र हवं. आणि शक्यता सगळ्यांना सारखी हवी. विद्यार्थी या अटी पाठ करून विसरतात. मला वाटतं, पोलिसांच्या आकड्यांबद्दल नागरिकांनी विचारायचे सगळे प्रश्न या चार अटींतच आहेत.

एकूण किती?

टक्केवारी काढताना खाली कोणता आकडा आहे, हे आधी विचारायचं. तो बदलला की चोर न पकडताही कामगिरी सुधारते. वरच्याच उदाहरणात १० चोऱ्यांपैकी ३ उघड झाल्या, म्हणजे ३० टक्के. आता त्या दहांपैकी ४ जणांना ठाण्यात सांगितलं, ‘चोरी कशावरून? गहाळ झाल्याचा अर्ज द्या.’ नोंदले गेले ६ गुन्हे, उघड झाले ३. झाले ५० टक्के! मोबाईल चोरीला गेल्यावर ‘गहाळ’चा कागद घेऊन परतलेल्या माणसाला हे गणित समजावून सांगावं लागत नाही.

दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ललिताकुमारी खटल्यात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी सांगितलं. या निकालाकडे आपण तक्रारदाराचा हक्क म्हणून पाहतो, आणि ते बरोबरच आहे. पण तो आकड्यांच्या खरेपणाचाही निकाल आहे. नोंदच नसेल तर पुढचा सगळा हिशेब खोटा.

‘लागला’ कशाला म्हणायचं?

गुन्हा नोंदल्यावर तपास संपतो तो दोनपैकी एका मार्गानं. एक, दोषारोपपत्र. दुसरा, समरी. महाराष्ट्रात ‘अ’ समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही किंवा पुरावा नाही. ‘ब’ समरी म्हणजे तक्रारच खोटी. ‘क’ समरी म्हणजे गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची तक्रार. ‘न लागलेला तपास’ म्हणून ‘अ’ समरी तरी प्रामाणिक आहे. पण दोषारोपपत्र म्हणजे ‘लागलेला तपास’ का?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा २०२२ चा अहवाल घ्या. देशात खुनाच्या प्रकरणांत दोषारोपपत्राचं प्रमाण ८१.५ टक्के होतं. आणि ज्या खून खटल्यांचा त्या वर्षी निकाल लागला, त्यांत शिक्षेचं प्रमाण ४३.८ टक्के. पोलीस पहिला आकडा सांगतात. पण मारल्या गेलेल्या माणसाच्या घरच्यांना दोन्हींचा गुणाकार लागतो. ०.८१५ गुणिले ०.४३८ म्हणजे ०.३६. दोन्ही आकडे वेगवेगळ्या वर्षी घडलेल्या गुन्ह्यांचे आहेत, त्यामुळे हा हिशेब ढोबळ आहे. तरी अंदाज येतो: १०० खुनांपैकी ८१-८२ ठिकाणी दोषारोपपत्र आणि ३६ च्या आसपास ठिकाणी पहिल्या न्यायालयात शिक्षा. त्यातल्या अपिलात किती टिकल्या, हा हिशेब पुन्हा वेगळा.

ही ३६ टक्क्यांची शक्यता आपल्याला चांगल्या माहीत असलेल्या चार खुनांना लावून पाहू. डॉ. नरेंद्र दाभोलकर, पुणे, २० ऑगस्ट २०१३. कॉ. गोविंद पानसरे, कोल्हापूर, १६ फेब्रुवारी २०१५ रोजी गोळीबार आणि चार दिवसांनी मृत्यू. डॉ. एम. एम. कलबुर्गी, धारवाड, ३० ऑगस्ट २०१५. गौरी लंकेश, बंगळूर, ५ सप्टेंबर २०१७. दाभोलकर खटल्याचा निकाल १० मे २०२४ रोजी लागला. दोघांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले. तेव्हा बाकी तीन खटले चालूच होते. शक्यता ३६ टक्के असताना चारपैकी जास्तीत जास्त एकाच खुनात शिक्षा होण्याची शक्यता किती? सुमारे ५५ टक्के. म्हणजे नाणं उडवून काटा येण्याहूनही थोडी जास्त.

हे उत्तर पहिल्यांदा आलं तेव्हा मी गणित पुन्हा केलं. उत्तर तेच. आपल्याला वाटतं, चारपैकी एकच, म्हणजे काहीतरी असाधारण घडलं असणार. गणित म्हणतं, असाधारण काही नाही, या देशात खुनाच्या खटल्यांचं हेच नेहमीचं चाललं आहे. मला यातलं ‘नेहमीचं’ हे जास्त भीतिदायक वाटतं. ज्या खुनांवर मोर्चे निघाले, उच्च न्यायालयानं ज्यांच्या तपासावर लक्ष ठेवलं, त्यांची ही गत. मग ज्या खुनाची बातमीसुद्धा झाली नाही, त्याचं काय?

तीन पंप, एक केबल

तिसरी अट स्वतंत्रतेची. ती मला दीपनगरमुळे कळते. भुसावळ औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीत वाढलेल्या पोरांना राखेइतकीच यंत्रांच्या गप्पांचीही सवय असते. समजा, बॉयलरला पाणी देणारे तीन पंप आहेत आणि ऐनवेळी प्रत्येक पंप बंद पडण्याची शक्यता दहात एक आहे. तिन्ही एकदम बंद पडण्याची शक्यता हजारात एक. कागदावर छान दिसतं. पण तिन्ही पंपांना वीज एकाच केबलनं येत असेल तर? शेजारच्या क्वार्टरमधले एक निवृत्त ऑपरेटर चाचा म्हणायचे, “बेटा, एका केबलवरचे तीन पंप हे तीन नसतात. तो एकच पंप असतो.”

आता दीपनगरहून चार-दोन कोसांवरच्या भुसावळच्या नावानं गाजलेला खटला पाहा. २८ मे १९९४ रोजी राज्यातून आणि राज्याबाहेरून मुस्लिम तरुणांना अटक झाली. आरोप असा, की बाबरी मशिदीच्या पाडावाचा सूड घेण्यासाठी त्यांनी ‘भुसावळ अल जिहाद’ नावाची संघटना उभी केली. कायदा लावला ‘टाडा’. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी नाशिकच्या विशेष टाडा न्यायालयानं ११ जणांना निर्दोष सोडलं. पुरावा नव्हता, आणि टाडा लावताना पाळायचे नियमही पाळलेले नव्हते. अटक ते निकाल, पावणेपंचवीस वर्षं.

इथे कुणी घाईनं बायनॉमियल लावेल. शिक्षेची शक्यता ४४ टक्के, सुटकेची ५६. अकराच्या अकरा सुटण्याची शक्यता ०.५६ चा अकरावा घात, म्हणजे सुमारे ६०० त एक. मग एक म्हणेल, ‘इतकं अशक्य घडलं, म्हणजे न्यायालयात काहीतरी गडबड आहे.’ दुसरा म्हणेल, ‘इतकं अशक्य घडलं, म्हणजे गोवल्याचा हाच पुरावा.’ दोघांचं गणित चुकलं. हे अकरा वेगळे निकाल नाहीतच. एकच आरोप, एकच तपास, एकच कायदा, म्हणजे एकच केबल. ती तुटली की अकराही एकदम सुटतात. मोजायचंच तर हे एक प्रकरण आहे. ते खोटं होतं की फक्त सिद्ध झालं नाही, हे घातांक सांगणार नाही. त्यासाठी निकालपत्रच वाचावं लागेल.

अशी निकालपत्रं आपल्याकडे आता बरीच झाली. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल स्फोटांत १८० हून अधिक माणसं मेली. २०१५ मध्ये विशेष न्यायालयानं १२ जणांना दोषी ठरवलं, त्यांतल्या पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं बाराही जणांना निर्दोष ठरवलं. त्यांतला एक तोवर तुरुंगातच मरण पावला होता. कबुलीजबाबांवर न्यायालयानं विश्वास ठेवला नाही. त्याचं एक कारण असं, की वेगवेगळ्या आरोपींच्या जबाबांतले काही भाग सारखेच होते. आमच्या भाषेत त्याला कॉपी-पेस्ट म्हणतात. दोन माणसं स्वतंत्रपणे बोलली तर त्यांचे शब्द असे जुळत नाहीत. पुढे सर्वोच्च न्यायालयानं या निकालाला दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली. पण सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठवलं नाही.

त्यानंतर दहाच दिवसांनी, ३१ जुलै २०२५ रोजी, २९ सप्टेंबर २००८ च्या मालेगाव स्फोटाचा निकाल आला. सहा मृत्यू, सात आरोपी, सातही निर्दोष. या दहा दिवसांत आपला समाज दोन रांगांत उभा राहिला. पहिल्या निकालावर ज्यांनी पेढे वाटले ते दुसऱ्यावर संतापले, आणि पहिल्यावर संतापलेल्यांनी दुसऱ्यावर पेढे वाटले. दोन्ही रांगांना न दिसलेली गोष्ट एकच होती: मेलेल्यांच्या घरच्यांना दोन्ही निकालांनी एकच उत्तर दिलं, ‘आम्हाला माहीत नाही.’

मालेगावचाच त्याआधीचा स्फोट घ्या. ८ सप्टेंबर २००६, शुक्रवार, शब-ए-बारात, बडा कब्रस्तान. तीसहून अधिक मृत्यू. नऊ मुस्लिम पुरुषांना अटक झाली. राज्याच्या दहशतवादविरोधी पथकानं त्यांना आरोपी केलं, सीबीआयनंही तीच वाट धरली. मग एनआयएनं तपास घेतला आणि वेगळ्याच लोकांवर आरोप ठेवले. २५ एप्रिल २०१६ रोजी विशेष न्यायालयानं नवांपैकी हयात असलेल्या आठ जणांना आरोपमुक्त केलं. मधली सगळी वर्षं तो गुन्हा कागदावर ‘उघडकीस आलेला’ होता, आणि उघडकीस आलेल्या गुन्ह्याचा आरोपी कुणी शोधत नाही. चुकीची अटक म्हणूनच दुहेरी नुकसान करते. एका निरपराधाचं आयुष्य जातं, आणि खऱ्या गुन्हेगाराला पळून जायला सरकारी खर्चानं वेळ मिळतो.

केबल एकच असण्याची चांगली बाजूही आहे. दुचाकीचोर पकडला की त्याच्याकडून डझनभर गाड्या निघतात, हे आपण वाचतोच. वर सांगितलेल्या चार खुनांतही तसंच झालं. २०१८ मध्ये कर्नाटकच्या विशेष पथकानं गौरी लंकेश प्रकरणाचा धागा नीट ओढला. कलबुर्गी आणि लंकेश यांच्यावर एकाच पिस्तुलातून गोळ्या झाडल्याचं न्यायवैद्यक तपासणीत आढळलं. त्याच वर्षी महाराष्ट्रात नालासोपाऱ्याला शस्त्रसाठा सापडला, आणि पाच वर्षं अडलेल्या दाभोलकर तपासात गोळ्या झाडणाऱ्यांपर्यंत पोलीस पोहोचले. त्याआधी याच खुनात दोन शस्त्रविक्रेत्यांना पकडलं होतं आणि मुदतीत दोषारोपपत्रही दाखल झालं नव्हतं. एक प्रकरण नीट सोडवलं तर तीन पुढे सरकतात. एक चुकीचं बंद केलं तर पुढची तीन रोखायची संधी जाते.

शक्यता सगळ्यांना सारखी आहे का?

चौथी अट सगळ्यात नाजूक. इथे छोट्या आकड्यांवर बोलू नये, म्हणून मोठा आकडा घेते. २०११ च्या जनगणनेत देशात मुस्लिम १४.२ टक्के. २०१५ च्या तुरुंग आकडेवारीनुसार शिक्षा झालेल्या कैद्यांत मुस्लिम १५.८ टक्के, पण खटल्याचा निकाल न लागलेल्या कच्च्या कैद्यांत २०.९ टक्के. कच्चे कैदी होते सुमारे २ लाख ८२ हजार. शिक्षा झालेल्यांतलं प्रमाण इथे लावलं तर सुमारे ४४,६०० मुस्लिम कच्चे कैदी असायला हवेत. होते सुमारे ५९,०००. फरक १४ हजारांचा, आणि नशिबाचा हेलकावा फार तर चारशेचा. माणसं गटानं पकडली जातात, म्हणजे इथेही एक केबल आहे, म्हणून हेलकावा दहापट, चार हजारांचा धरा. तरी १४ हजार त्यात बसत नाहीत.

म्हणजे हा योगायोग नाही. इथपर्यंत गणित नेतं आणि इथेच ते थांबतं. कारण काय, हे ते सांगत नाही. जामिनाचे पैसे नसणं, वकील नसणं, ज्या राज्यांत खटले तुंबतात तिथली लोकसंख्या, आणि पूर्वग्रहही. आदिवासी आणि दलितांचं प्रमाणही कच्च्या कैद्यांत लोकसंख्येच्या मानानं जास्तच आहे. त्यामुळे गरिबीचा वाटा किती आणि धर्माचा किती, हे वेगळं काढायला आणखी बारीक आकडे लागतात.

‘योगायोग नाही’ इथून ‘हाच दोषी’ इथे उडी मारणं किती महाग पडतं, हे ब्रिटननं पाहिलं आहे. सॅली क्लार्क या वकील बाईंची दोन बाळं लागोपाठ दगावली. एका नामवंत बालरोगतज्ज्ञानं न्यायालयात सांगितलं, की अशा घरात एक बाळ असं अचानक दगावण्याची शक्यता ८,५४३ त एक, म्हणून दोन्ही दगावण्याची ७ कोटी ३० लाखांत एक. त्यांनी फक्त गुणाकार केला. दोन भावंडांत रक्त एक, घर एक, म्हणजे केबल एक, हे ते विसरले. १९९९ मध्ये त्या आईला जन्मठेप झाली. २००१ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीला जाहीरपणे सांगावं लागलं, की हे गणित चूक आहे. २००३ मध्ये शिक्षा रद्द झाली. २००७ मध्ये त्या वारल्या.

पोलिसांनी आपल्या मुलांच्या बाबतीत अशी उडी मारली तर आपण ओरडतो. मग पोलिसांच्या बाबतीत ती आपणही मारू नये. योगायोग नाही, हे ठामपणे म्हणावं. कारण काय, ते पुराव्यानं मागावं.

मग करायचं काय?

पहिली मागणी शासनाकडे. प्रत्येक ठाण्यानं वर्षाला पाच आकडे फलकावर लावावेत. नोंदलेले गुन्हे किती. ‘अ’ समरी किती. दोषारोपपत्रं किती. शिक्षा किती. अपिलात उलटलेल्या शिक्षा किती. यातला पाचवा आकडा आज कुणीच सांगत नाही. वार्षिक अहवाल त्या त्या वर्षाचा हिशेब देतो. दहा वर्षांनी शिक्षा उलटली तर मागे जाऊन जुनं यश कुणी खोडत नाही.

दुसरी मागणी नवी नाहीच, सर्वोच्च न्यायालयानं ती मान्य केलेली आहे. गुजरात राज्य विरुद्ध किशनभाई या खटल्यात ७ जानेवारी २०१४ रोजी न्यायालयानं सांगितलं, की प्रत्येक राज्यानं पोलीस आणि अभियोग खात्यातल्या वरिष्ठांची समिती नेमून निर्दोष सुटलेलं प्रत्येक प्रकरण तपासावं, चूक कुठे झाली ते शोधावं आणि जबाबदार अधिकाऱ्यावर खात्यानं कारवाई करावी. आमच्या धंद्यात मोठा बिघाड झाला की अशी बैठक दुसऱ्याच दिवशी बसते. तिथे पहिला प्रश्न असतो, पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं. आपल्या जिल्ह्यात ही समिती कधी बसली आणि तिला काय आढळलं, हे माहितीच्या अधिकारात एका पानाच्या अर्जानं विचारता येतं.

तिसरं काम आपलं. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ सप्टेंबर २०१६ च्या आदेशानुसार, संवेदनशील प्रकरणं सोडून बाकीच्या एफआयआर संकेतस्थळावर टाकाव्या लागतात. खटल्यांची स्थिती ई-कोर्टावर कुणालाही पाहता येते. एक तालुका, पाच-सात वर्षांपूर्वीचे ३०० गुन्हे, चार-पाच तरुण आणि एक एक्सेल शीट. प्रत्येक गुन्ह्यापुढे लिहायचं: समरी, दोषारोपपत्र, शिक्षा, सुटका, की अजून चालू. हे काम अभियंत्याचं नाही, कॉलेजात जाणारी कुठलीही मुलगी ते करू शकते. यात फक्त मुस्लिम तक्रारदारांचे गुन्हे निवडायचे नाहीत. सगळेच घ्यायचे. तुलना केल्याशिवाय भेदभाव सिद्ध होत नाही, आणि भेदभाव निघाला नाही तर तेही आपल्याला कळायला हवं.

अशी यादी हातात असली की पोलीस अधीक्षकांपुढे बसणं वेगळं असतं. तिथे आपण गाऱ्हाणं घेऊन गेलेले नसतो. ‘साहेब, या ३०० पैकी इतक्यांचा तपास लागला, या भागात इतके कमी का?’ एवढंच विचारायचं असतं. प्रामाणिक अधिकाऱ्यालाही हा प्रश्न हवाच असतो. कारण दहा चोऱ्यांच्या नशिबावर नोटीस खाणारे १५ निरीक्षक त्याच्याच खात्यातले आहेत.

आणि तोवर एक सवय आपण सगळ्यांनी लावून घ्यावी. ‘२४ तासांत गुन्हा उघडकीस’ असा मथळा दिसला, की फोटोतल्या झाकलेल्या चेहऱ्याचा धर्म आणि जात शोधण्याआधी तारीख लिहून ठेवावी. पाच वर्षांनी त्याच गुन्ह्याचा क्रमांक टाकून पाहावं, तपास खरोखर लागला होता का.